सासूबाईंच्या फरश्या

आराखडे यांनी सासूबाईंचा मोबाईल साफ करायला घेतला, तेव्हा त्यांचा हेतू धुतल्या तांदळासारखा स्वच्छ होता. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे काही झालं त्यात त्यांच्या बाजूने बोलण्यासारखं एवढंच आहे.

'आराखडे' हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते एका मोठ्या कार्यालयात नियोजन विभागाचे उपप्रमुख होते आणि ओली छत्री कुठे ठेवायची हेसुद्धा आधी कागदावर आखून मग ठेवत. सहकाऱ्यांनी कधीतरी हे नाव बहाल केलं आणि ते इतकं चिकटलं की एकदा ओळखपत्रावरही तेच छापून आलं. ते दुरुस्त करून घेण्याचा आराखडा अजून पूर्ण व्हायचा होता.

सासूबाई एका मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होत्या. निवृत्त झाल्या, यजमान गेले, आणि त्या लेकीकडे राहायला आल्या. जावई हा दहावा ग्रह असतो असं म्हणतात. या घरात मात्र दहावा ग्रह उरलेल्या नवांच्या मागे मुकाट उभा असे, कारण राउंडवर सासूबाई असत. त्या ओरडत नसत. सकाळी चहा घेऊन घरातून एक फेरी मारत, खुर्चीवर टाकलेल्या टॉवेलाकडे नुसतं बघत, आणि टॉवेल जागेवर जाई.

अशा या बाईंना गेल्या वर्षभरात एकच नाद लागला होता. मोबाईलवरच्या एका खेळाचा. खेळाला धड नावही नव्हतं. चिन्ह म्हणून एक चौकोन, आत चौकोनी फरश्यांची जमीन. एक काळी फरशी म्हणजे आपण. बोटाने ती वर-खाली, डावी-उजवीकडे न्यायची आणि तिच्याकडून दुसऱ्या फिकट फरश्या खुणेच्या जागांवर ढकलायच्या. ढकलता येतं, ओढता येत नाही. फिकट फरशी कोपऱ्यात गेली की ती कायमची गेली. सगळ्या आपापल्या जागी बसल्या की ती खोली हळूच विरते आणि दुसरी उघडते. गुण नाहीत, घड्याळ नाही, संगीत नाही, जाहिरात नाही, एक अक्षर मजकूर नाही. चुकलात तर ओरडत नाही आणि जिंकलात तर शाबासकी देत नाही.

"म्हणूनच आवडतो मला," सासूबाई म्हणत. "जन्मभर घंटा ऐकल्या मी. या खेळाला माझी घाई नाही."

त्यात काही फरश्या एका ढकलीला एक घर सरकत, काही मात्र सुटल्या की भिंतीला आपटेपर्यंत घसरत. सासूबाईंनी त्यांची नावं पाडली होती, गुणी आणि उतावळ्या. जेवताना घरात याच्या बातम्या असत. सध्या त्या एका सुरईच्या आकाराच्या खोलीत अडकल्या होत्या. मधे अरुंद गळा, आणि गळ्यापलीकडे एक फरशी. आराखडे हे सगळं मान हलवत ऐकत आणि मनातल्या मनात म्हणत, एवढ्या मोठ्या पदावर काम केलेल्या बाईंनी चौकोन ढकलत बसावं.

मग सासूबाईंच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी सांगितलं, पट्टी दुसऱ्या दिवशी काढू, पण आठवडाभर काळा चष्मा, वाकायचं नाही आणि मोबाईलकडे बघायचं नाही. सासूबाईंनी शिस्तीत मोबाईल जावयाच्या हाती दिला.

"जावईबापू, हा तुमच्याकडे ठेवा. मागितला तरी देऊ नका. आणि जागा संपली, जागा संपली म्हणून सारखं कुरकुरतो, तेवढं बघा."

जागेचं नियोजन म्हणजे आराखड्यांचा हातखंडा. ऑपरेशन चालू असताना हॉस्पिटलच्या बाकावर बसून त्यांनी काम हाती घेतलं. कुठली गोष्ट किती जागा खाते याची यादी निघाली. खेळासमोर 'साफ करा' असं लिहिलेलं होतं. साफ करणं ही चांगलीच गोष्ट, म्हणून त्यांनी बोट टेकवलं. मोबाईलने विचारलं, खात्री आहे का? आराखड्यांना आयुष्यात खात्री नव्हती असं कधी झालंच नव्हतं.

मग सहज म्हणून त्यांनी खेळ उघडला. समोर एक काळी फरशी, एक फिकट फरशी आणि एक खूण. पहिली खोली. सासूबाईंचं अख्खं वर्ष पुसलं गेलं होतं.

त्याच वेळी आतून सासूबाईंना खुर्चीवर बसवून बाहेर आणलं. डोळ्यावर पट्टी, मान ताठ.

"सगळं नीट झालं ना, आई?" आराखड्यांनी विचारलं.

"माझं झालं. तुमचा आवाज असा का येतोय?"

वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर हे आराखड्यांचे अडीअडचणीचे सल्लागार. त्यांच्या सल्ल्याने अडचण सुटल्याचं कुणाला आठवत नव्हतं, पण ते सल्ला इतक्या आपुलकीने देत की नाही म्हणवत नसे. त्यांनी मोबाईल हातात घेऊन उलटा-सुलटा केला.

"गेलेली वस्तू कुठे ना कुठे असतेच," ते म्हणाले. "आमच्याकडे हरवलेली पार्सलं वर्षानुवर्षांनी कपाटामागे सापडत. याची ही दोन बटणं एकदम दाबून धरा."

दाबून धरली. मोबाईल बंद पडला, चालू झाला आणि कुठल्याशा परक्या लिपीत बोलू लागला. पोस्टमास्तरांनी चष्मा पुसला, मग तो मोबाईल तसाच आराखड्यांच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "चला, काहीतरी फरक तर पडला."

म्हणून दुसऱ्या दिवशी ऑफिसातून सुट्टी काढून दुरुस्ती केंद्र गाठावं लागलं. काउंटरवरच्या बाईंनी भाषा चुटकीसरशी पूर्ववत करून दिली. खेळाचं म्हणाल तर, त्या म्हणाल्या, तो अर्ज वेगळा; आणि त्यासाठी मोबाईल ज्यांच्या नावावर आहे त्यांनी स्वतः येऊन कॅमेऱ्याकडे बघायला हवं.

"त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय."

"मग त्यांच्या सहीचं संमतीपत्र आणा."

"त्यांना वाकता येत नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांना हे कळता कामा नये."

बाईंनी आराखड्यांकडे नीट बघितलं. "म्हणजे मालकाच्या नकळत तुम्हाला त्यांच्या मोबाईलमधली माहिती हवी आहे," त्या शांतपणे म्हणाल्या आणि मोठ्याने, "साहेब, जरा इकडे येता का?"

नियोजन विभागाच्या उपप्रमुखाला मोबाईलचोर ठरता ठरता वाचवलं ते, त्यांचा स्वतःचा फोन लागेना म्हणून सासूबाईंच्या फोनवर आलेल्या बायकोच्या कॉलने. येताना डोळ्याचे थेंब आणा, असं ती म्हणाली. केंद्रातल्या साहेबांनी ते स्पीकरवर ऐकलं, नातं खरं असल्याची खात्री करून घेतली, आणि सांगितलं की खेळाचा हिशेब आमच्याकडे नसतो, ज्याने खेळ केला त्याला लिहा. खेळ कुणा एकट्या माणसाने बनवला होता. आराखड्यांनी त्याला सविस्तर पत्र पाठवलं. परिस्थिती, पार्श्वभूमी, अपेक्षित कार्यवाही, असे रीतसर भाग पाडून. उत्तर एका ओळीचं आलं. 'तुम्ही भाग्यवान आहात, पहिल्यापासून खेळायला मिळतंय.'

हा माणूस आपल्याकडे नोकरीला असता तर, असा विचार आराखड्यांच्या मनात बराच वेळ घोळत राहिला.

आता एकच मार्ग उरला. आठवडा संपायच्या आत सगळ्या खोल्या स्वतः सोडवायच्या आणि मोबाईल त्या सुरईच्या खोलीवर आणून ठेवायचा. दुसऱ्या सकाळी ऑफिसला जाताना बसमध्ये पहिल्या काही खोल्या इतक्या भराभर सुटल्या की आराखड्यांना सासूबाईंची कीव आली. वर्षभर याच्यात घालवलं? पुढे निळसर फरश्या आल्या, त्या घसरत जातात हेही लगेच ध्यानात आलं. राखाडी त्या गुणी, निळ्या त्या उतावळ्या. ते बसच्या सीटवर रेलून बसले. आणि मग एक साधीशी खोली आली, दोन फरश्या, दोन खुणा, आणि आराखडे तिथे रुतले.

मागे जाण्यासाठी खेळात एक बाण होता. तो दाबत राहिलं की आपल्या सगळ्या चाली उलट्या क्रमाने दिसत. माणसाला आपला मूर्खपणा एकदा घडताना दिसत नाही. इथे तो परत उलटा चालत आपल्या समोरून जातो. आराखड्यांनी तो इतक्यांदा पाहिला की शेवटी त्यांना त्याची पावलं पाठ झाली. शेजारच्या सीटवरचा अनोळखी गृहस्थ म्हणाला, "ती वरची आधी न्या." आराखडे तुटकपणे म्हणाले, "मला माहीत आहे." मग तो उतरेपर्यंत त्यांनी मुद्दाम भलतंच काही केलं आणि तो उतरल्यावर वरची आधी नेली. खोली सुटली.

दोन्ही फरश्या आपापल्या जागी बसल्या, क्षणभर तशाच राहिल्या, आणि खोली पाण्यात साखर विरावी तशी विरून गेली. कुणी टाळी वाजवली नाही. आराखडे मात्र खिडकीबाहेर बघत राहिले. इतकी वर्षं नोकरी झाली, पण एखादं काम संपलं, असं त्यांना इतक्या स्पष्टपणे कधी कळलं नव्हतं. फाइली पुढे जात, परत येत, शेरे वाढत. संपत काही नसे. सासूबाई यात काय बघतात, हे त्यांना पहिल्यांदाच थोडंसं उमगलं. त्या भरात त्यांचा थांबा मागे राहिला.

ऑफिसात त्या दिवशी बैठक होती. जुन्या नोंदींची लोखंडी कपाटं वरच्या मजल्यावरून खालच्या बोळात आणायची होती. आराखडे मात्र समोरच्या कागदावर पुढची खोली काढून बसले होते. बोळासारखी लांबट, तीन चौकोन, आणि ती जिथे अडकत होती ती नेमकी अवस्था. तेवढ्यात त्यांच्या खिशातून कोंबडा आरवला. सासूबाईंनी फोनला तोच आवाज लावलेला होता, कारण हॉस्पिटलच्या गोंगाटात दुसरं काही ऐकू येत नसे. घाईघाईत बटण दाबलं ते नेमकं स्पीकरचं, आणि सासूबाईंच्या जुन्या सहकारी सिस्टरबाईंचा आवाज बैठकीत घुमला, "काय मेट्रनबाई, पोट साफ झालं का? जोर करायचा नाही हं."

सगळे खाली बघू लागले. साहेबांनी विषय बदलायला म्हणून आराखड्यांपुढचा कागद उचलला. "अरे वा. यांनी कपाटांची मांडणीही करून आणली आहे. असंच काम हवं."

त्याच क्षणी खरं सांगायला हवं होतं. पण स्तुती ही अशी वस्तू आहे की चुकीच्या पत्त्यावर आली तरी ती परत पाठवायला हात धजत नाही. आराखडे नम्रपणे हसले. कागद खाली गेला, आणि दुसऱ्या दिवशी हमालांनी त्यात काढल्याप्रमाणे, बोटभरही इकडेतिकडे न करता, कपाटं लावली.

त्यातलं एक लेखा विभागाच्या दाराला पाठ लावून बसलं. दार आत उघडत होतं, ते उघडलं, पण बाहेर कपाट. लेखा विभागाची मंडळी आत कोंडली गेली. दुसरं कपाट बोळाच्या पलीकडच्या भिंतीशी, बरोबर पहिल्यासमोर, त्याला नाक लावून. तिसरं जरा लांब होतं आणि निरुपद्रवी होतं. कपाटांना ना मूठ ना कडी. ओढायला बोट शिरेना. हमाल गेले होते. लेखा विभागाचा चहा खिडकीच्या गजांतून पोचवावा लागला, आणि ऑफिसात कुणी मोकळेपणी हसलंही नाही, कारण ज्याला त्याला कधी ना कधी आपलं बिल तिथूनच पास करून घ्यायचं होतं.

साहेब आराखड्यांना म्हणाले, "तुमचाच आराखडा. सोडवा."

आराखडे बोळात येऊन उभे राहिले. दुसऱ्या कपाटाला ढकलावं तर ते बोळाच्या बंद टोकाच्या कोपऱ्यात जाणार. आणि कोपऱ्यात गेलेलं परत येत नाही, हे या चार दिवसांत त्यांच्या हाडामांसात भिनलं होतं. शेवटी त्यांनी खिशातला फोन काढून घरी लावला.

बायकोने उचलला. "आईच्या फोनवरून काय बोलताय? तो दुरुस्तीला ठेवून आलो म्हणालात ना?"

तेव्हा आराखड्यांनी तिला बोळात उभ्याउभ्या, हळू आवाजात, सगळं सांगून टाकलं.

"आईचं वर्ष पुसलंत," ती म्हणाली.

"हो. पण सध्या लेखा विभाग आत आहे. आईंना दे."

सासूबाई काळा चष्मा लावून खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी सगळी मांडणी नीट ऐकून घेतली, दोनदा वदवून घेतली.

"दुसरं कपाट कोपऱ्यात ढकला," त्या म्हणाल्या.

"आई, पण कोपऱ्यात गेलं की ते अडकेल."

"अडकू दे की. कपाट आहे, त्याने कोपऱ्यातच उभं राहायचं असतं."

"पण मग दारातलं मी कसं ढकलू? दाराच्या बाजूला मला जाताच येत नाही."

"तुम्ही कशाला? आत माणसं आहेत ना? त्यांना म्हणावं, दार पूर्ण उघडा आणि सगळे मिळून आतून रेटा. समोरची जागा आता रिकामी झाली." जरा थांबून त्या म्हणाल्या, "जावईबापू, ढकलणारे तुम्ही एकटेच आहात असं का धरून चाललात?"

दुसरं कपाट कोपऱ्यात गेलं. आतल्या मंडळींनी जोर केला, दारातलं कपाट समोरच्या भिंतीशी जाऊन उभं राहिलं, आणि लेखा विभाग चहाचे रिकामे कप घेऊन एकेक करून बाहेर आला. मुख्य लेखापालांनी आराखड्यांचा हात दाबून विचारलं, "फोनवर कोण होतं हो?" आराखड्यांना प्रथम सांगावंसं वाटलं की सल्लागार. मग ते म्हणाले, "माझ्या सासूबाई."

घरी येताना त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. बायको म्हणाली, "आता सरळ सांगून टाका." आराखडे म्हणाले, "सांगतो. आधी जरा काम पुढे जाऊ दे."

त्या संध्याकाळपासून ऑफिसातल्या कपाटांचे प्रश्न घरी येऊ लागले. अर्थात कपाटं कसली, खेळातल्या अडलेल्या खोल्याच त्या. सासूबाईंच्या पलंगावर चौकड्यांची चादर होती, तिच्यावर औषधाच्या डब्या मांडल्या जात. सासूबाईंना वाकायची बंदी, म्हणून त्या उशीला टेकून ताठ बसत आणि आराखडे पलंगाशी गुडघे टेकून त्यांच्या आज्ञेप्रमाणे डब्या सरकवत.

"डावीकडे. अजून एक. थांबा. मी सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही."

"हो, आई."

"मलमाच्या डबीला चाकं आहेत म्हणालात ना? मग ती इतक्यात हलवायची नाही. आधी गोळ्यांची."

घसरणाऱ्या फरश्या म्हणजे चाकांची कपाटं, असं आराखड्यांनी ठरवून टाकलं होतं. ते ऐकून पहिल्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या होत्या, "कुठल्याला चाकं आहेत हे तुम्हाला बघून कळतं का?"

"कळतं की. चाकं दिसतातच."

"मग फार सोपं आहे तुमचं ऑफिस," त्या म्हणाल्या. आराखड्यांना तेव्हा या बोलण्याचा अर्थ लागला नाही.

बायको दारात येऊन हे दृश्य बघे. नवरा गुडघ्यांवर, आई सिंहासनावर असल्यासारखी, मधे खोकल्याचं औषध. ती परत जाई, आणि आतून भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज येई. एकदा पोस्टमास्तर विचारपूस करायला आले आणि उभ्याउभ्या सल्ला देऊ लागले की ती डबी उलटी करून बघा. सासूबाईंनी काळ्या चष्म्यातून त्यांच्याकडे नुसती मान वळवली. पोस्टमास्तर खुर्चीवर बसले आणि जाईपर्यंत बोलले नाहीत.

पण आराखड्यांना सगळ्यात नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ते या संध्याकाळींची वाट बघू लागले होते. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, सासूबाईंशी त्यांचं बोलणं 'चहा घेणार का' आणि 'पंखा बंद करू का' याच्यापलीकडे गेलं नव्हतं. आता डब्या सरकवता सरकवता त्या बोलत. एकदा वॉर्डात खाटा कमी आणि रोगी जास्त झाले तेव्हा खाटा कशा फिरवल्या ते सांगितलं. एकदा म्हणाल्या, "हे गेल्यानंतर संध्याकाळ फार लांब व्हायची. तुम्ही दोघं कामावर, मी भिंतीकडे तोंड करून. मग त्या फरश्या सापडल्या. रागावू नका हं, तुम्हाला त्या खुळचट वाटतात ते मला ठाऊक आहे."

"तसं काही नाही, आई," आराखडे म्हणाले. गुडघे दुखत होते, पण ते आणखी थोडा वेळ तसेच बसून राहिले.

काळा चष्मा उतरवायच्या दिवसापर्यंत मोबाईल सुरईच्या खोलीवर पोचला. ती खोली सोडवण्याचा प्रयत्न आराखड्यांनी केला नाही असं नाही. पण ती काही त्यांना दाद देईना, आणि याबद्दल त्यांनी नंतर देवाचे आभार मानले.

डॉक्टरांनी डोळा तपासला, छान आहे म्हणाले. सासूबाईंनी त्यांना हळूच विचारलं, "डॉक्टर, या थेंबांनी डोक्यावर काही परिणाम होतो का? मला हल्ली जिथे तिथे माझ्या खेळातल्या फरश्याच दिसतात. जावयांच्या ऑफिसची कपाटं ऐकली तरी वाटतं, ही खोली मी कुठेतरी पाहिली आहे. मला वेड तर लागत नाही ना?"

डॉक्टर हसले आणि नाही म्हणाले. आराखडे भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता अतिशय लक्षपूर्वक वाचू लागले.

घरी आल्यावर सासूबाईंनी हात पुढे केला. आराखड्यांनी मोबाईल दिला. खेळ उघडला, सुरईची खोली समोर आली, जशीच्या तशी. सासूबाई बघत राहिल्या. मग त्यांनी मोबाईल जवळ घेतला, लांब धरला, डावा डोळा झाकून पाहिला, उजवा झाकून पाहिला.

"ही निळी कधी झाली?" त्या म्हणाल्या.

"कुठली?"

"ही गळ्यापलीकडची. आणि ह्या दोन. ह्या निळ्या आहेत."

"त्या पहिल्यापासूनच निळ्या असतात, आई. त्या घसरणाऱ्या असतात म्हणून."

"पहिल्यापासून?"

"हो. सुरुवातीच्या चार-पाच सोप्या खोल्या झाल्या की लगेच पहिली निळी येते," आराखडे सांगून गेले, आणि जीभ चावली.

सासूबाईंनी मोबाईल मांडीवर ठेवला. "मला तर सगळ्या सारख्याच दिसायच्या. पिवळट. मला वाटायचं, खेळच तसा आहे. प्रत्येक फरशीला आधी एकदा ढकलून बघायचं, ती कशी निघते ते पारखायचं, मग बाण दाबून मागे यायचं आणि लक्षात ठेवून खेळायचं. माणसांसारखं. ही गळ्यापलीकडची ढकलून बघता येत नव्हती, म्हणून मी तिला गुणी धरून चालले होते." त्यांनी मान वर केली. "तुम्हाला कसं ठाऊक पहिली निळी कधी येते ते?"

बायको दारात येऊन उभी राहिली होती. आराखड्यांनी तिच्याकडे पाहिलं, तिने छताकडे. मग त्यांनी सगळं सांगितलं. हॉस्पिटलचं बाकडं, दुरुस्ती केंद्र, बस, बैठक, कोंबडा. बोळातली कपाटं तेवढी खरी होती, बाकी एकही कपाट नव्हतं.

सासूबाईंनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे मला वेड लागलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"नाही, आई."

"एवढ्या सगळ्या खोल्या तुम्ही परत सोडवल्यात?"

"तुम्हीच सोडवल्यात. मी डब्या सरकवल्या. आणि मला रंग दिसत होते, तरी जमत नव्हतं. तुम्ही न दिसता कशा केल्यात, मला कळत नाही." एवढं बोलून, उपप्रमुखाला न शोभणारं काही होऊ नये म्हणून, आराखड्यांनी उठून पंखा चालू केला.

सासूबाईंनी मोबाईल परत हातात घेतला. बोट फिरलं. वरून, खालून, गळ्यातून एकदाच आत. निळी फरशी सुटली, भिंतीपर्यंत घसरली आणि खुणेवर जाऊन थांबली. इतके दिवस अडलेली खोली निमूट विरून गेली. पुढची उघडायच्या आत सासूबाईंनी मोबाईल जावयापुढे धरला.

"आता पुसा हे."

"काय?"

"सगळं पुसा. मला पहिल्यापासून बघायचंय. नुसत्या ढकलून पार केल्या मी त्या खोल्या, बघितल्या कुठे? पुढच्या खोल्या काही पळून जात नाहीत."

आराखड्यांनी एका आठवड्याची आपली मेहनत, गुडघे, रजा आणि इभ्रत यांच्याकडे एकदा मनातून पाहिलं. मग त्यांनी सासूबाईंसमोर ती पुसून टाकली. आश्चर्य म्हणजे त्यांना वाईट वाटलं नाही.

पहिली खोली आली. सासूबाई ती कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. "पांढरं किती पांढरं आहे हो हे," त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर मोबाईलवरून उठली, भिंतीवरून फिरली, चादरीवर आली, आणि शेवटी जावयावर थांबली.

"हा तुमचा शर्ट पांढरा आहे?"

"हो, आई. नेहमीचाच आहे."

"अरे देवा. मला वाटायचं, माझ्या लेकीला कपडे धुता येत नाहीत. आणि तुम्ही बिचारे पिवळे पडलेले शर्ट घालून मुकाट ऑफिसला जाता, तिला एका शब्दाने बोलत नाही. म्हणून तर मला तुमच्याबद्दल एवढा आदर होता."

"आई," बायको दारातून म्हणाली.

"आणि आता?" आराखड्यांनी विचारलं.

सासूबाईंनी थोडा विचार केला. मग त्या पलंगावर जरा पलीकडे सरकल्या आणि शेजारची जागा हाताने झटकली.

"आता बसा इथे. खाली नको, गुडघे दुखतात तुमचे. आणि नुसतं बघायचं. मधे बोलायचं नाही."

आराखडे बसले. ते काही बोलले नाहीत.